गोळी बंद केलीय, पण डॉक्टरांना सांगू नका

हृदयरोग्यांशी बोलण्याचं काम करायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून एकदा दाराकडे बघतो तेव्हाच मला कळतं, आता तेच येणार. गोळी म्हणजे कोलेस्टेरॉलची. अटोर्व्हास्टॅटिन, नाहीतर रोसुव्हास्टॅटिन. या गटाच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. बीपीची गोळी लोक विसरतात, साखरेची टाळतात, पण ही ठरवून बंद करतात. कारणंही ठरलेली: पाय दुखतात, लिव्हर जातं, एकदा सुरू केली की जन्माची बांधली जाते.

त्यातलेच हे एक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण अण्णा म्हणू. वय 61, एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त, नऊ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. तीन महिन्यांपासून गोळी रोज सकाळी पाकिटातून बाहेर निघत होती आणि तुळशीच्या कुंडीत जात होती. ती कुंडीतल्या मातीत सापडली, म्हणून काकू त्यांना धरून माझ्याकडे घेऊन आल्या.

"तुळस जगलीय की मॅडम," अण्णा म्हणाले. "मी मेलो असतो."

पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढवत नव्हता. गोळी सोडली आणि आठ दिवसांत मोकळे झाले, असं त्यांचं म्हणणं. या गोळीने पाय दुखतात असं सांगणारा, मेव्हण्याने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी मला तिथेच दाखवला. गोळीऐवजी आता आलं, लसूण, लिंबू आणि मध यांचा काढा चालू होता.

पहिल्या भेटीत मी चूक केली. माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते देण्याची घाई मला झाली होती. 2020 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना त्यांनी बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत औषध नसलेली हुबेहूब गोळी आणि चार रिकाम्या. त्रासाला रोज गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8 गुण आले, खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3 आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4. म्हणजे जो जादा त्रास होता, त्यातला जवळजवळ सगळा 'गोळी घेतोय' या जाणिवेचा होता. हे मी अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी सोंग करतो म्हणता?"

तिथे मी थांबले. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, या विचारावर मी वीस वर्षं काम करते आहे. पण ज्याची पोटरी दुखतेय त्याला 'हे तुमच्या मनाचं आहे' असं सांगणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. त्या साठही जणांचं दुखणं खरंच होतं. प्रश्न फक्त ते कुठून येतं एवढाच होता. तो शोध मी लावून चालणार नव्हतं, अण्णांनीच लावायला हवा होता.

दुसऱ्या भेटीत एकच करार केला. मी डॉक्टरांना काही सांगणार नाही, पंधरा दिवसांनी अण्णा स्वतः सांगतील. तोवर वहीत रोज दोन गोष्टी लिहायच्या: कुठे दुखलं आणि दिवसभर काय केलं. (गोळी त्यांनी आधीच सोडलेली होती म्हणून हे जमलं. वही लिहिण्यासाठी कुणी गोळी बंद करायची नाही. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसलेल्या माणसाने तर नाहीच.)

पंधरा दिवसांनी वही आली. सुबक अक्षर, डेपोच्या लॉगबुकसारखे रकाने. चौदा दिवसांपैकी नऊ दिवस पोटऱ्या दुखल्या होत्या. गोळी एकही दिवस नव्हती.

मी काही बोलले नाही. मला स्वतःचं त्या दिवशीचं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते हेच.

अण्णांनी पानं दोनदा उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी आली आणि ड्रायव्हर म्हणाला क्लच घासतोय, की दिवसभर मला क्लचच ऐकू यायचा. आवाज असायचाच. गाडीत कुठला ना कुठला आवाज असतोच."

"आणि इथे?"

"पहिली गोळी घ्यायच्या आदल्या रात्रीच मी पोटऱ्या दाबून बघत होतो. व्हिडिओ आधी आला होता ना."

आधी कान लागला आणि मग आवाज सापडला. 'कान लागणं' हा शब्द त्या दिवसापासून मी प्रत्येकाशी बोलताना वापरते, आणि आजवर कुणी मला 'सोंग म्हणता का' असं विचारलेलं नाही.

मग त्यांनी स्वतःच विचारलं, "पण ही गोळी करते तरी काय?" हा प्रश्न नऊ महिन्यांत त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. कोलेस्टेरॉल फक्त तुपातून येत नाही. त्यातलं बरंच शरीर स्वतः बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ते बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम स्टॅटिन मंदावते. यकृताला माल कमी पडतो, म्हणून ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घ्यायला जास्त हात बाहेर काढतं. गोळी सोडली की काही आठवड्यांत आकडा परत चढतो. अण्णांचं एलडीएल 62 वरून 138 झालं होतं, काढा चालू असताना.

हे औषध पहिल्यांदा सापडलं बुरशीत. जपानचे अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात हजारो बुरशी तपासून ते शोधलं. 'नैसर्गिक' म्हणून मिळणाऱ्या लाल यीस्ट भाताच्या कॅप्सूलमध्येही मोनाकोलिन के असतं, आणि ते लोव्हास्टॅटिनच आहे, म्हणजे तीही स्टॅटिनच. मात्रा किती याचा भरवसा नसलेलं लोव्हास्टॅटिन! गोळी सोडून त्या कॅप्सूलवर गेलेले तिघेचौघे मला भेटले आहेत, त्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुष्परिणाम नाहीतच असं मी कधी म्हणत नाही. काहींचे स्नायू गोळीनेच दुखतात. यकृताची एन्झाइम्स थोडी वाढू शकतात, मोठी इजा दुर्मीळ. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांची ती थोडी पुढे सरकू शकते, पण झटका टाळण्याचा फायदा बहुधा त्याहून मोठा असतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स काही स्टॅटिनबरोबर चालत नाहीत, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगा. आणि अंगातलं बळच गेलं, स्नायू खूप दुखताहेत, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे फार क्वचित होतं, पण तिथे वाट बघायची नसते.

अण्णा वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. ओरडा खायची तयारी करून गेले होते. डॉक्टरांनी वही वाचली आणि रक्त तपासायला सांगितलं. स्नायूंची तपासणी ठीक आली, पण थायरॉइड मंद निघाली आणि ड जीवनसत्त्व कमी. दोन्हींमुळे पोटऱ्या दुखू शकतात, आणि थायरॉइड मंद असताना स्टॅटिनचा त्रासही वाढू शकतो. म्हणजे सगळं कानाचंच नव्हतं, थोडा क्लचही घासत होता. हे मला एकटीला कधीच कळलं नसतं, आणि गोळी कुंडीत जात राहिली असती तर डॉक्टरांनाही नाही.

थायरॉइडचे उपचार सुरू झाले. मग कमी मात्रेत दुसरी स्टॅटिन आणि जोडीला आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषू देणारं एझेटिमाइब. तीन महिन्यांनी एलडीएल 64.

शेवटच्या भेटीत वहीत तिसरा रकाना दिसला, गोळीचा. रोज बरोबरची खूण. रविवारच्या ओळीत लिहिलं होतं: 'डावी पोटरी. पुतणीच्या लग्नात चार तास उभा.'