कलादालनाचं पहिलं वर्ष आखताना

सगळे 52 आठवडे भरायच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी 8 प्रदर्शनं पुष्कळ झाली. प्रत्येकी 3 आठवडे धरा आणि दोन प्रदर्शनांमध्ये किमान 4 दिवस रिकामे ठेवा. चित्रं उतरवणं, खिळ्यांची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवणं, रंगाचा हात, दिवे नव्यानं वळवणं यात ते सहज जातात. नवख्यांचं वेळापत्रक कोसळतं ते इथेच.

जुलै-ऑगस्टमध्ये जलरंग आणि जुनी छायाचित्रं नकोत. दमट हवेत कागदाला लाटा येतात, तो काचेला चिकटतो, बुरशी धरते. तेव्हा धातूची किंवा दगडाची शिल्पं, सिरॅमिक लावा. कोकणात तर जूनपासूनच. एरवीही कागदावरच्या कामाला उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच हवा.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर घ्या. वरच्या कडा जुळवत बसू नका, छोटी चित्रं छताला लागल्यासारखी दिसतात.

चित्रकाराकडून उद्घाटनाच्या 6 आठवडे आधी लेखी घ्या:
- चित्रांची यादी, मापं, माध्यम, किमती
- ने-आणीचा खर्च कोणाचा
- विक्रीवर दालनाचं कमिशन किती

संग्रहालयांकडून उसनी चित्रं, फिरती प्रदर्शनं वगैरे दुसऱ्या वर्षी बघू.