नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे स्वस्तातला डॉक्टरच ना? आईचं बीपी उपकेंद्रातल्या सिस्टरवर सोपवावं का?

'स्वस्तातला डॉक्टर' वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसले. मी बीएस्सी नर्सिंग, वर 6 महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स, आणि आता उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. कंत्राटी. गाव मला सिस्टरच म्हणतं, त्याला माझी हरकत नाही.

आधी एक गोंधळ काढून टाका. मी नर्स प्रॅक्टिशनर नाही. ती भानगड अमेरिकेतली. 1965 साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम काढला. आज तिथे त्यासाठी निदान नर्सिंगमधली मास्टर्स लागते, आणि निम्म्याहून जास्त राज्यांत या बायका-पुरुष डॉक्टरच्या सहीशिवाय निदान करतात, औषध लिहितात. आपल्याकडे या नावाचा क्रिटिकल केअरचा 2 वर्षांचा कोर्स आहे, पण तो आयसीयूतला. उपकेंद्रात बीपी मोजायचं मी, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या मी, चुकलेल्याला घरी जाऊन गाठायचं मी. गोळी सुरू करायची किंवा बदलायची, तर पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे एमओ (मेडिकल ऑफिसर), नाहीतर ई-संजीवनीवरचे, म्हणजे सरकारी व्हिडिओ-कॉलवरचे डॉक्टर. कागदावर ठीकच आहे.

आता ती आजी. सत्तरीच्या पुढची. एमओंनी ॲम्लोडिपिन ही तिची बीपीची गोळी 5 ची 10 मिलिग्रॅम केली होती. तीन आठवड्यांनी आली ती चपला हातात घेऊन, पायात जाईनात म्हणून. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला, आणि मी केसपेपर चाळेपर्यंत तो तसाच होता. दम नाही, रात्री उशा वाढवाव्या लागत नाहीत, चेहऱ्यावर सूज नाही, लघवीच्या पट्टीवर प्रोटीन नाही, म्हणजे हृदयाची किंवा किडनीची खूण दिसत नव्हती. मधल्या काळात बाजारच्या गावातल्या डॉक्टरांकडून लघवीची गोळी आणली होती. त्याने रात्रभर उठबस, सूज तेवढीच. बीपी बसून 138, उभं केल्यावर 112, आणि माझा खांदा धरलेला.

ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, डोस वाढला की जास्त सुजतात, आणि लघवीच्या गोळीने ती सूज फारशी हलत नाही. हे आम्हाला औषधशास्त्रात शिकवतात, काही गुपित नाही. रेफर चिठ्ठीवर मी लिहिलं: 'सूज ॲम्लो 10 नंतरची. बाहेरची लघवीची गोळी चालू. उभं राहिल्यावर बीपी पडतं. डोसचा विचार व्हावा.' चिठ्ठी परत आली ती माझ्या वाक्यांखाली लाल रेघ ओढून, शेजारी 'नर्सने निदान करू नये'. दोन्ही गोळ्या तशाच चालू. वर मासिक सभेत सगळ्यांदेखत, "सिस्टर हल्ली फिजिशियन झाल्यात." सगळे हसले. आमच्या आशाताई तेवढ्या हसल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी आजी पहाटे लघवीला उठली आणि भोवळ येऊन मोरीत पडली. मनगट मोडलं. मुलाने जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथल्या फिजिशियनने लघवीची गोळी बंद केली, ॲम्लो पुन्हा 5 वर आणली, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली. पुढच्या महिन्यात आजी चपला घालून आली, हाताला प्लास्टर. एमओ त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. आता ते पीजीच्या शिक्षणाला गेलेत. वाचत असाल तर नमस्कार, सर.

आणि 'नर्सला अधिकार दिले तर माणसं मरतील' म्हणणाऱ्यांनी 2000 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला न्यूयॉर्कचा अभ्यास बघावा. 1316 रुग्ण, कुणाच्या वाट्याला नर्स प्रॅक्टिशनर, कुणाच्या डॉक्टर, अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखे. सहा महिन्यांनी तब्येतीत म्हणावा असा फरक नाही, उलट नर्सकडच्या बीपीवाल्यांचा खालचा आकडा किंचित कमीच. पण तिथे अधिकार दोघांना सारखे होते, हे विसरू नका. आपल्याकडे 2019 च्या मेडिकल कमिशन कायद्यात कलम 32 ने डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना औषधोपचाराच्या मर्यादित परवान्याची जरा फट ठेवली, तर आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने देशभर संप पुकारला. बोगस डॉक्टरांना कायदेशीर करताय, ही ओरड. ज्या गावात बोगस डॉक्टर आधीच दुचाकीवरून सलाईन लावत फिरतो, तिथे ही ओरड कधी ऐकू आली नाही मला.

बरं, माझ्या बाजूचंही सांगते. त्या अभ्यासातल्या नर्स मास्टर्स केलेल्या होत्या, 6 महिन्यांच्या कोर्सवर मी तेवढा अधिकार मागत नाही. आणि मीही चुकलेय. एका पोराची कावीळ पित्त समजून दोन दिवस घालवलेत. डोळे उजेडात बघायला हवे होते, बघितले नाहीत.

आईचं म्हणाल, तर बीपी मोजायला, गोळ्या आणायला, महिन्याच्या महिन्याला दाखवायला सिस्टरकडे खुशाल जा. तिच्याइतक्या वेळा आईला दुसरं कोणी बघणार नाही. छातीत कळ, तोंड वाकडं, बोलणं बोबडं झालं, तर सिस्टरला शोधत बसू नका, 108 लावा. पाय सुजले तरी गोळी परस्पर बंद करू नका, आजीची गोष्ट वाचून तर मुळीच नको. सूज हृदयाची किंवा किडनीचीही असते. जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घाला, खासगीवाल्यांची लपवून ठेवलेलीसुद्धा, आणि एकदा उभं करून बीपी घ्यायला सांगा. सिस्टरने चिठ्ठी दिली तर ती केसपेपरला टाचून ठेवू नका, डॉक्टरांच्या हातात द्या. बघितली नाही तर मोठ्याने वाचून दाखवा.