शेक्सपिअर स्वतःच्या नाटकांत कुठल्या भूमिका करायचा?

शेक्सपिअर नट होता म्हणतात, मग तो हॅम्लेट वगैरे स्वतःच करायचा का, असं तुम्ही विचारलंय. हॅम्लेट तर नाहीच. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर ही सगळी कामं त्याच्याच नाटक मंडळीतला मुख्य नट रिचर्ड बर्बेज याची.

तो नट होता हे मात्र पक्कं. त्याच्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन याच्या दोन नाटकांतल्या (१५९८ आणि १६०३) मुख्य नटांच्या छापील यादीत त्याचं नाव आहे. १६२३ साली त्याची नाटकं एकत्र छापली, त्यातल्या सव्वीस नटांच्या यादीत तर पहिलंच. पंचाईत एवढीच, की कोणी कुठलं काम केलं ते यात लिहिलेलं नाही.

मग उरतात आठवणी आणि आख्यायिका. त्याच्या हयातीतच जॉन डेव्हिस नावाच्या कवीने त्याच्यावर काही ओळी लिहिल्या, त्यात हा राजांची कामं करतो असा उल्लेख येतो. कुठले राजे, ते विचारू नका.

दुसरी गोष्ट त्याच्या 'अ‍ॅज यू लाइक इट' या नाटकातल्या अ‍ॅडम या म्हाताऱ्या नोकराची. शेक्सपिअरच्या भावाने म्हातारपणी सांगितलं म्हणे, की लांब दाढी लावलेल्या आपल्या भावाला कोणीतरी उचलून रंगमंचावर आणताना मी पाहिलं होतं. ऐकायला झकास आहे, पण त्याचे तिन्ही भाऊ १६१३ पर्यंत, म्हणजे त्याच्याही आधी वारले होते, त्यातला एकही पन्नाशीला पोचला नव्हता. आठवण खरी असली तर दुसऱ्याच कुणाची असणार.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते. १७०९ साली निकोलस रो याने शेक्सपिअरचं चरित्र लिहिताना चौकशी केली, तेव्हा हाती एवढंच लागलं, की हॅम्लेटच्या बापाचं भूत हे त्याचं सर्वांत गाजलेलं काम. तेही मेल्यानंतर ९३ वर्षांनी लिहिलेलं, मान्य. पण काम बघा ना: जेमतेम शंभरेक ओळी, पहिल्या अंकात येऊन जायचं, मग एकदम तिसऱ्या अंकात पाच मिनिटं. मी हौशी नाटकांत बरीच वर्षं लुडबुड केलीय. लेखक स्वतः उभा राहतो तो अशाच कामात, म्हणजे उरलेला वेळ विंगेत उभं राहून इतरांवर डोळे वटारता येतात.

शिवाय पहिल्या अंकाच्या शेवटी भूत रंगमंचाच्या फळ्यांखाली जाऊन तिथून ओरडतं, 'शपथ घ्या!' आणि वरून हॅम्लेट त्याची 'तळघरातला गडी' म्हणून टिंगल करतो. बर्बेज वर, लेखक खाली.