विसाव्या मजल्यावर पाणी कसं पोचतं?

प्रश्न : आमची इमारत 22 मजली आहे. अग्निशमन दलाची शिडी तिथवर पोचली नाही, तर वरची आग विझवतात कशी?

उत्तर : जिन्याने जाऊन. शिडी कितीही लांब असली तरी ती उभी करायला भक्कम, मोकळी जागा लागते, आणि शिडीची गाडी भिंतीपासून जितकी दूर, तितकी तिची पोच कमी. त्यामुळे खरी भिस्त इमारतीतल्या वेट रायझरवर, म्हणजे कायम पाण्याने भरलेल्या उभ्या पाइपवर. जवान सहसा आगीच्या एक-दोन मजले खाली लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे जिन्यापाशी या पाइपला असलेल्या तोटीला, होज (लवचीक नळी) जोडतात आणि तो घेऊन वर चढतात. धुरात काही दिसेनासं झालं, की हाच होज चाचपत सुरक्षित मजल्यावर परत येता येतं.

आता दाबाचा हिशेब. पाणी 10 मीटर चढवायला साधारण 1 बार (दाबाचं एकक) खर्ची पडतो. विसावा मजला 60 मीटरवर धरला तर 6 बार नुसत्या उंचीत गेले. नोझलपाशी, म्हणजे होजच्या तोंडाशी, निदान 3.5 बार हवेत, शिवाय पाइप आणि होजमधलं घर्षण. म्हणजे तळाशी 10 बारच्या वर दाब लागतो. इमारतीचा पंप बंद पडला, तर बंबाचा पंप तळाच्या इनलेटला (बाहेरून पाणी भरायच्या तोंडाला) जोडून हा दाब द्यावा लागतो. त्या इनलेटपुढे कृपा करून गाडी लावू नका.

प्रश्न : यंत्रणा बसवलेली आहे, गेजवर दाबही दिसतो. मग ऐन वेळी पाणी का येत नाही?

उत्तर : गेजवर विसंबू नका. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना छोटा जॉकी पंपसुद्धा (पाइपमधला दाब टिकवून ठेवणारा पंप) पूर्ण दाब दाखवतो. पाणी वाहू लागलं आणि मुख्य पंप सुरू झाला नाही, की काटा खाली कोसळतो. बहुतेक वेळा मुख्य पंपाचा स्विच ‘मॅन्युअल’वर राहिलेला असतो, नाहीतर डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. कपलिंगमधला (होज जोडायच्या सांध्यातला) रबरी वॉशरही काढून बघा. तो वाळून तडकला असेल, तर पाणी सांध्यातूनच फवारत बाहेर पडतं.

म्हणून दर महिन्याला सर्वात वरच्या व्हॉल्व्हला होज जोडून गच्चीवर पाणी सोडा. नोझल दोघांनी घट्ट धरा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा; एकदम उघडला तर नोझल हातातून उसळतं. पंप आपोआप सुरू होतो का, हे पाहायला त्या वेळी एक माणूस खाली पंपघरात हवाच.