धोंडीराम, धोंडो, दगडू : नावातला दगड

‘माझे नाव धोंडीराम. धोंडा म्हणजे दगड, हे शाळेत असल्यापासून चिडवणाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो. आईवडिलांनी पोटच्या मुलाला दगड का म्हणावे? कारण सांगणारे घरात आता कोणी उरलेले नाही. आणि धोंडो व धोंडीराम ही नावे एकच का?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

या नावात धोंडा आहे आणि धोंडा म्हणजे दगडच. तो झाकण्यासाठी एखादी संस्कृत व्युत्पत्ती ओढूनताणून आणण्याचे कारण नाही. मात्र हे नाव मुलाचे वर्णन करण्यासाठी ठेवलेले नसून मूल जगावे म्हणून ठेवलेले असते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुले पहिल्या वर्षातच दगावत असत. ज्या घरात पाठोपाठ दोन-तीन मुले गेली, त्या घरात पुढचे मूल जन्मले की त्याला दृष्ट लागू नये, यमाचे लक्ष त्याच्याकडे जाऊ नये, म्हणून त्याला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव देत.

धोंडा टिकाऊ असतो म्हणून मूलही टिको, असा या नावाचा अर्थ काही जण लावतात, तर शेंदूर फासलेला धोंडा हा देवच असतो, असे आणखी काही जण सांगतात. दोन्ही अर्थ मनाला पटण्यासारखे आहेत, परंतु या नावाच्या भावंडांकडे पाहिले की ते अपुरे वाटू लागतात. केरू, कचरू, उकिरडा आणि विदर्भातला उकंडा या नावांत टिकाऊपणाही नाही आणि देवपणही नाही. नवजात मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे आणि ‘टाकलेले’ मूल म्हणून पुन्हा उचलून घ्यायचे, शेजारणीच्या ओटीत घालून तिच्याकडून भीक म्हणून मागून घ्यायचे किंवा कवडी देऊन विकत घ्यायचे, अशा चालींतून उकिरडा, भिकू, भिकाजी, कवडू ही नावे आली. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालीत आणि मुलगी म्हणून वाढवीत, त्याचा नथू होई. या सगळ्या नावांमागे एकच युक्ती आहे : हे मूल कोणाला हवेसे वाटावे असे नाही, ते आमचेही नाही, असे मृत्यूला भासवायचे. धोंडू आणि दगडू याच पंगतीतले आहेत, असे माझे मत आहे.

धोंडू नावाला दुसरेही एक कारण असू शकते. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचे वाण देतात, कित्येक घरांत कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे करतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नावही धोंडू, धोंडीराम ठेवले जाते. इथे मृत्यूचा काही संबंध नसतो.

आता रूपांविषयी. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, विश्वनाथाचा विसो, दत्तात्रेयाचा दत्तो होतो, त्याच वळणाने धोंडो हे रूप आहे. या नावाच्या ब्राह्मण माणसाला आदराने धोंडोपंत म्हणत. १८५७च्या नानासाहेब पेशव्यांचे नाव कागदोपत्री धोंडोपंत असेच येते. देशावर शेतकरी घरांत धोंडिबा आणि धोंडीराम ही रूपे अधिक. तुका, सखा, गंगा यांना जसा राम जोडला गेला, तसाच तो धोंडीलाही जोडला गेला. त्यामुळे तुमच्या नावात दृष्ट चुकवणारा धोंडा पुढे आहे आणि हाक मारताना आपोआप मुखी येणारा राम मागे आहे. मूळ शब्द एकच, नावे मात्र दोन, असे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

हे नाव कोणा एका जातीचे किंवा अडाणी घराचे नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे आणि १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हे धोंडो केशव. संततिनियमनाचा प्रचार करणारे त्यांचे चिरंजीव रघुनाथ यांना महाराष्ट्र र. धों. कर्वे म्हणून ओळखतो, आणि त्या अनुस्वारासकट लिहिलेल्या ‘धों.’मध्ये वडिलांचे नाव अजून वाचता येते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या ज्येष्ठ गायिका धोंडूताई कुलकर्णी होत्या. पुण्याचा प्रसिद्ध गणपती दगडूशेठ हलवायांच्या नावाने ओळखला जातो.

असे असले तरी हे नाव सर्वांना सारखेच वागवत आले, असे म्हणता येणार नाही. शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असे असावे, असा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात दंडकच आहे. एकाचे ‘धोंडोपंत’ होत असताना दुसऱ्याला म्हातारपणीही पोरसोरांकडून ‘धोंड्या’ ही हाक ऐकावी लागे. दगडू मारुती पवार या माणसाने दया पवार या नावाने लिहिले, आणि १९७८च्या ‘बलुतं’ या दलित आत्मकथनात दगडू व दया पवार यांना समोरासमोर बसवून बोलते केले, यामागे या हाकेची धग आहे. तुम्हाला शाळेत जे चिडवले गेले, त्याचाही उगम आईवडिलांनी निवडलेल्या शब्दापेक्षा या हाकेत अधिक आहे.

नकुशी हे नाव मात्र मी या यादीत घालणार नाही. वरवर पाहता तेही नकारार्थी नावच आहे, पण धोंडूच्या आईला धोंडू हवा होता आणि तो हवा असल्याचे लपवायचे होते. नकुशीच्या घरच्यांना मुलगी खरोखरच नको होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ते योग्यच झाले.

तुमच्या नावाचे नेमके कारण शोधण्यासाठी प्रथम जन्मतारीख त्या वर्षीच्या पंचांगाशी ताडून पाहा. ती अधिक महिन्यात पडत असेल, तर बहुधा तेच उत्तर आहे. पडत नसेल, तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत किंवा तहसील कार्यालयातल्या जुन्या कोतवाल बुकात वडिलांच्या नावापुढे तुमच्या जन्माच्या आधीच्या चार-सहा वर्षांत मुलांचे मृत्यू नोंदलेले आहेत का, ते पाहा. लहान मुलांच्या नोंदीत पुष्कळदा नाव नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले असते. म्हणून शोध वडिलांच्या नावावरूनच घ्यावा.