गिटारचा फ्रेटबोर्ड घरी बनवता येईल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की जुन्या गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची फळी, वाकडा होऊन सुटलाय, सुतारकाम थोडंफार येतं, तर नवा घरीच करावा का. करा. मी इंदूरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आतापर्यंत चार केले. दोन वाजतात. एक पुस्तकांच्या फळीला आधार म्हणून नेमलाय. उरलेल्याची गोष्ट पुढे येईलच.

पहिला वाया गेला तो निव्वळ मोजणीत. स्टीलच्या पट्टीने पहिला फ्रेट (फळीत आडवी बसते ती धातूची तार) आखला, मग पट्टीचा शून्य त्या रेघेवर ठेवून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. दर खेपेला पेन्सिलीच्या रेघेची जाडी, म्हणजे पाव मिमी जास्त. बाराव्यापाशी पोचेपर्यंत मी ३ मिमी पुढे गेलो होतो. तिथे दोन फ्रेटमध्ये अंतरच १८ मिमी, म्हणजे चूक झाली अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याची. बायको गाणं शिकलेली. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "वरचे सगळे चढे लागतायत हो!"

तेव्हा सगळी मापं एकाच शून्यावरून घ्यायची, आणि तो शून्य म्हणजे नटची (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) आतली कड, जिथून तार मोकळी होते. हिशेब सोपा आहे. नटपासून ब्रिजपर्यंतच्या, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिथे टेकतात तिथपर्यंतच्या, लांबीला १७.८१७ ने भागा, तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागा, आलेला आकडा पहिल्याच्या मापात मिळवा, तो दुसरा. ६४८ मिमीच्या गिटारला पहिला ३६.३७ वर येतो, दुसरा ७०.७० वर, पाचवा १६२.५५ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. बारावा मध्यावर आला नाही तर करवतीला हात लावू नका. पूर्वी १८ ने भागायची रीत होती. ल्यूटवादक व्हिन्चेन्झो गॅलिली, म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ साली १८:१७ हेच प्रमाण सांगितलं होतं. त्याने बारावा ३२१.६ वर पडतो. सतारीला हा ताप नाही, पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवले की झालं. इथे एकदा कापलं की कापलं.

लाकडाबद्दल. इंदूरच्या वखारीत शीशम मागितलं तर सहसा सिस्सू पुढे येतो. मराठीत आपण ज्याला शिसव म्हणतो, गिटारवाल्यांचा इंडियन रोझवूड, तो त्याचा चुलतभाऊ, पण झाड वेगळं. वखारवाला छातीवर हात ठेवून "भिया, एक ही चीज है" म्हणेल. एक नाही. सिस्सूचाही बोर्ड होतो, माझा चौथा त्याचाच आहे, पण पैसे शिसवाचे देऊ नका. मला चांगली फळी कबाड्याकडे मिळाली, मोडक्या शिसवी टेबलाची. कित्येक वर्षं वाळलेली, जांभळट-काळी, रंधा मारताच गुलाबासारखा मंद वास सुटला. ५०० लांब, ७० रुंद, ७ मिमी जाड एवढी पुरते. टोकाकडून बघा, रेषा उभ्या दिसल्या तर ती फळी कमी हलते. भुसा मात्र नाकात जाऊ देऊ नका, शिसवाची काहींना ॲलर्जी होते. मास्क लावाच.

फ्रेट बसवायच्या खाचा पाडायच्या त्या फळी सपाट आणि चौकोनी असतानाच. दोन्ही कडा समांतर असतात, गुण्या नीट टेकतो. निमुळती आधी केलीत तर गुण्या कशाला लावणार? सुताराची नेहमीची करवत चालत नाही, ती मिलिमीटरहून रुंद कापते आणि फ्रेट खाचेत रुतण्याऐवजी नुसता पडतो. साधारण ०.६ मिमी खाच पाडणारी बारीक करवत घ्या, पात्यावर ३ मिमीवर मास्किंग टेप चिकटवा, टेप लाकडाला टेकली की थांबा. आधी टाकाऊ तुकड्यावर एक फ्रेट ठोकून बघा. मग फळी निमुळती करा, मग वरच्या बाजूला आडवी गोलाई द्या. १२ इंच त्रिज्येच्या गोलाईला कडांवरचं सव्वा मिमी लाकूड जातं, तेवढ्या खाचा कडेला उथळ होतात. त्या पुन्हा खोल करायला मी एकदा विसरलो होतो, फ्रेटची टोकं काही केल्या बसेनात.

फ्रेटची तार बोर्डापेक्षा किंचित जास्त वाकवून घ्या. आधी दोन्ही टोकं ठोका, मग मध्य. हातोडी पितळेची किंवा प्लास्टिकच्या तोंडाची.

आता उरलेला बोर्ड. तो मी ऑगस्टमध्ये केला, झड लागली होती, कपडेसुद्धा वाळत नव्हते. फ्रेटची टोकं कानशीने कडेशी अगदी सपाट घासली, बोट फिरवलं तर रेशीम. मे महिन्यात मुलाने गिटार हातात घेतली आणि तळवा ओरखडून आला. लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, रुंदीला हलतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते आकसलं, धातू होता तेवढाच राहिला, आणि सगळ्या फ्रेटची टोकं दोन्हीकडे करवतीच्या दातांसारखी बाहेर आली. पाव मिमीसुद्धा नसेल, पण हाताला कळतं. म्हणून आमच्याकडे हे काम एप्रिल-मेमध्येच. फळी खोलीत महिनाभर पडू द्यायची, मग कापायची. पावसात ती फुगली तर टोकं आत जातात, कोणाला टोचत नाहीत. शिवाय आता मी फ्रेटचा खाचेत जाणारा भाग दोन्ही कडांना दीड मिमी आधीच कापून टाकतो आणि उरलेली खाच शिसवाचा भुसा व गोंद कालवून बुजवतो. जोड शोधून सापडत नाही.

तुमचा सुटलेला बोर्ड फेकला नसेल तर नट ते बारावा फ्रेट मोजा आणि दुप्पट करा. ब्रिज जागेवरच आहे, त्यामुळे तुमची लांबी तीच राहणार, माझी ६४८ नाही. आणि जुन्याची जाडीही मोजून ठेवा. नवा १ मिमी जाड झाला तरी तारा फ्रेटला घासतात आणि ब्रिज उचलावा लागतो.