मुलांच्या ट्रायलमध्ये आपलं काम पहिलं मूल येण्याआधी सुरू होतं

तू विचारलंस, "ताई, कोल्हापूरहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालंय, तासगावला घरी सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकतेय. इंग्लंडात मुलांच्या औषध-चाचण्यांत काम करायचंय. तिथं नेमकं काय असतं, आणि एवढ्यावर नोकरी मिळेल का?" मीही सांगलीचीच, विलिंग्डन कॉलेजची, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

सॅस येऊ दे, आर हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर त्याहून पक्कं कर. पण नुसत्या प्रोग्रामिंगवर आलीस तर दुसऱ्यानं आखलेले तक्ते भरत बसशील. खरं काम प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, लिहिताना असतं.

समज, अपुऱ्या दिवसांचं किलोभर वजनाचं बाळ पेटीत आहे. त्याच्या अंगात रक्त जेमतेम 80-90 मिली. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, ट्रायलसाठी एका वेळी एकूण रक्ताच्या 1 टक्क्याहून जास्त घेऊ नका आणि चार आठवड्यांत मिळून 3 टक्क्यांच्या वर जाऊ नका. म्हणजे एका वेळी एक मिलीसुद्धा नाही! मोठ्या माणसाचं दिवसातून दहा वेळा रक्त काढता येतं, इथं एका बाळाचे दोन-तीन नमुने मिळाले तरी पुष्कळ. मग वेगवेगळ्या बाळांचे वेगवेगळ्या वेळचे नमुने एकत्र करून, औषध अंगात किती वेळ किती राहतं याचं मॉडेल बसवायचं. कुणाचं रक्त कधी घ्यायचं, हे आपण सुचवायचं. टोचायची एक जरी सुई वाचली तरी मला त्या दिवशी बरं वाटतं.

पहिल्या वर्षी एका दुर्मीळ आजाराच्या ट्रायलला 240 मुलं लागतील, असं गणित मी मांडलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "आमच्याकडे वर्षाला आठ येतात. कसं करायचं?" त्यानंतर मी बेझियन पद्धती, म्हणजे आधीची माहिती नव्या आकड्यांशी जोडून निष्कर्ष काढायच्या पद्धती, नेटानं शिकले. ल्युपस या प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारावरच्या बेलिमुमॅब या औषधाच्या मुलांवरील ट्रायलमध्ये फक्त 93 मुलं होती. मोठ्यांच्या ट्रायलमधली माहिती जोडीला घेऊन त्यांचा विचार झाला आणि 2019 मध्ये अमेरिकेत ते मुलांसाठी मंजूर झालं. मोठ्यांच्या आकड्यांवर किती भरवसा टाकायचा, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद होतात, आणि व्हायलाच हवेत.

घरच्या पैशांबद्दल: इकडे यायला घरची द्राक्षबाग असेल तर ती गहाण टाकू नकोस. आधी पुण्यात वर्ष-दोन वर्षं ट्रायलचं काम कर. मग लेस्टर किंवा लंडन स्कूल ऑफ हायजीनचा मेडिकल स्टॅटिस्टिक्सचा कोर्स बघ. अर्ज करताना नोकरीच्या जाहिरातीत व्हिसाची स्पॉन्सरशिप लिहिलीय का, ते आधी वाच.

आणि एक काम आत्ताच घे. ब्रिटनमधल्या 'इक्लिप्स' ट्रायलचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली आलाय. आकडी थांबत नसलेल्या मुलाच्या आईबापांची सही घेत बसायला वेळ नसतो, म्हणून तिथं औषध आधी दिलं, संमती नंतर घेतली. रँडमाइज झाली, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी दोन औषधांत वाटली गेली, 404 मुलं, हिशेबात धरली 286. काहींना औषधाची गरजच पडली नाही, काहींची संमती मिळाली नाही. 404 चे 286 कसे झाले आणि त्यानं निकालाला काय फरक पडू शकतो, हे तुझ्या आईला कळेल अशा मराठीत पानभर लिही आणि मला पाठव. सॅसचं सर्टिफिकेट नंतर बघू.